पोट सावरलं, मग श्वास का अडला?

वीकेंडला पिल्लू घरी आणायचा प्लॅन करताय? मग 'पार्वो' हा शब्द तुमच्या कानावर आला असणारच. उलट्या, रक्ताचे जुलाब, सलाइन, एवढंच त्याबद्दल आपल्याला माहीत असतं. पण पोटात शिरलेला हा व्हायरस थेट फुप्फुसापर्यंत कसा पोचतो, हे आमच्या एका मैत्रिणीच्या घरी पाच दिवसांत कळलं. फार महागात कळलं.

चिकू घरी आला तो रविवार. माझी जुनी रूममेट आणि तिचा नवरा, दोघंही हिंजवडीच्या आयटी गर्दीतले. बाणेरला टू बीएचके, ईएमआय सुरू, लग्नाला दोन वर्षं. 'बाळ इतक्यात नको, पण घरात काहीतरी हलतं-बोलतं हवं' हे सहा महिने चाललं होतं. शेवटी तिच्या वाढदिवसाला त्यानं सरप्राइज दिलं. बिस्किटाच्या रंगाचं लॅब्रेडॉरचं पिल्लू, गळ्यात लाल रिबन, पोट तट्ट फुगलेलं (ते जंतांमुळेही असू शकतं, हे ज्ञान नंतरचं). विकणारा म्हणाला, 'पंचेचाळीस दिवसांचं आहे, पहिलं इंजेक्शन झालंय, कार्ड व्हॉट्सअ‍ॅप करतो.' कार्ड काही आलं नाही.

पुढचे तीन दिवस आमच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. चिकू चपलेत झोपलाय, चिकू लॅपटॉपच्या वायरला चावतोय, चिकू पहिल्यांदा भुंकला आणि स्वतःच घाबरला. मीही बुधवारी जाऊन त्याला मांडीवर घेऊन आले. त्याच्या कानांना दुधासारखा वास यायचा.

गुरुवारी सकाळी त्यानं वाटी हुंगली आणि तोंड फिरवलं. दुपारी दोन उलट्या, पांढऱ्या फेसाच्या. हिनं मीटिंग म्यूट करून गूगल केलं. दादरहून आईचा फोन, 'अगं, इथे असतीस तर एव्हाना परळच्या बैलघोड्याला नेलं असतं. तिकडे कोणी नाही का?' संध्याकाळी वाटलं, नवीन घर आहे, पोट बिघडलं असेल. हीच ती संध्याकाळ जी नंतर दोघांनाही झोपू देत नव्हती. रात्री अकराला पहिला पातळ जुलाब झाला, त्यात रक्त होतं आणि एक विचित्र, गोडसर कुजका वास. ज्यानं तो एकदा घेतलाय त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

शुक्रवारी सकाळी आठला क्लिनिक. डॉक्टरांनी शी-च्या जागेवरून स्वॅब घेतला, किटवर दोन थेंब टाकले. कोविडच्या किटसारखंच ते, आणि दहा मिनिटांत तशाच दोन रेघा. पार्वो पॉझिटिव्ह.

सलाइन लागलं, उलटी थांबवायचं इंजेक्शन झालं, अँटिबायोटिक सुरू झालं. शनिवारी तो नुसता पडून होता. रविवारी मात्र उलट्या थांबल्या, जुलाबातलं रक्त कमी झालं, आणि दुपारी त्यानं हिच्या बोटावरचं पातळ खाणं चाटलं. ग्रुपवर पन्नास हार्ट पडले. 'जिंकला रे आपला चिकू' असं मीच टाकलं होतं.

रविवारी रात्री साडेदहाला तिचा मला फोन आला. 'अगं, तो खूप भरभर श्वास घेतोय. झोपलाय, पण पोट असं हलतंय जसं काही पळून आलाय.' तिनं मोजलं होतं, मिनिटाला सत्तरच्या वर. हिरड्या गुलाबीऐवजी राखाडी दिसत होत्या. इमर्जन्सीत एक्स-रे काढला, तर जिथे फुप्फुसं काळी दिसायला हवीत तिथे पांढरं धुकं. ऑक्सिजनच्या काचेच्या पेटीत त्याला ठेवलं. नवरा त्या काचेवर हात ठेवून उभा होता. सोमवारी पहाटे पाचच्या सुमाराला चिकू गेला.

पोट तर सावरत होतं. मग गेला कशानं? आठवड्यानंतर हा प्रश्न घेऊन ती आणि मी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. ते आधी म्हणाले, 'पोस्टमॉर्टेम केलं नाही, त्यामुळे शंभर टक्के सांगता येणार नाही.' आणि मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं कुत्र्याचं चित्र काढायला घेतलं. या लेखातलं बरंचसं त्या चित्रावरचं आहे, उरलेलं मी नंतर वाचून काढलं.

छोटा पॅकेट

'पार्वस' म्हणजे लॅटिनमध्ये लहान. नाव अगदी शोभतं. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या साधारण पंचवीस भागांएवढा हा व्हायरस. आत डीएनएचा एकच धागा, जेमतेम पाच हजार अक्षरांचा. इतक्या कमी सामानात स्वतःची कॉपी काढायचं मशीन काही मावत नाही. मग हा काय करतो, तर ज्या पेशी आधीच विभागणीच्या घाईत आहेत त्यांच्यात शिरतो आणि त्यांचं मशीन वापरतो.

आता पिल्लाच्या शरीरात सगळ्यात जास्त घाई कुठे असते? आतड्याच्या अस्तरात, कारण ते दर थोड्या दिवसांनी नवं होतं. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, जिथे रक्तपेशी तयार होतात. आणि लसिका ग्रंथींमध्ये. दूषित शी-चा एखादा कण तोंडात गेला की व्हायरस आधी घशाजवळच्या ग्रंथींमध्ये बस्तान बसवतो, तिथून रक्तात उतरतो आणि बरोबर या ठिकाणी पोचतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधीकधी जास्तही. चिकू रविवारी आला आणि गुरुवारी आजारी पडला. हिशोब तुम्हीच करा. बहुधा तो लाल रिबन बांधायच्या आधीच आजारी होता.

म्हणजे फुप्फुसावर हा व्हायरस सहसा थेट हल्ला करत नाही. तो दुसऱ्याला वाट मोकळी करून देतो.

चांदणी चौकातली कोंडी

आतड्याचं अस्तर ही एक भिंत आहे. आतल्या बाजूला कोट्यवधी बॅक्टेरिया, बाहेरच्या बाजूला रक्त. निरोगी पिल्लात ते बॅक्टेरिया तिथेच गुण्यागोविंदानं राहतात. पार्वो ही भिंत जागोजागी पाडतो. एरवी अशा वेळी पांढऱ्या पेशी धावून आल्या असत्या, पण त्या जिथे तयार होतात तो कारखानाही यानं त्याच आठवड्यात बंद पाडलेला असतो. दार उघडं आणि वॉचमन सुट्टीवर! ई. कोलायसारखे बॅक्टेरिया आणि त्यांचं विष सरळ रक्तात उतरतं. याला सेप्सिस म्हणतात.

आणि रक्तात उतरलेली प्रत्येक गोष्ट फुप्फुसातून जातेच. शरीरभरातून परत आलेलं सगळं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूनं फुप्फुसात ढकललं जातं, आणि तिथल्या केसांहून बारीक नळ्यांमधून जाऊनच पुढे सरकतं. बाणेरकरांना कळेल अशा भाषेत डॉक्टर म्हणाले, 'मुंबईकडून कोथरूडला यायचं तर चांदणी चौक चुकतो का? तसंच.' विषारी रक्त त्या बारीक नळ्यांतून जाताना नळ्यांच्या भिंती सुजतात, सैल होतात, गळायला लागतात. नळ्यांना चिकटून हवेचे इवलेसे फुगे असतात. रक्तातलं पाणी आणि प्रोटीन त्या फुग्यांमध्ये झिरपतं. बाहेरून कितीही ऑक्सिजन द्या, फुग्यात हवेऐवजी पाणी असेल तर तो रक्तापर्यंत पोचणार कसा? कोविडच्या दिवसांत आपण सगळ्यांनी 'एआरडीएस' हा शब्द पाठ केला होता. हे त्याचंच श्वान-रूप.

हे फक्त एका डॉक्टरांचं मत आहे असंही नाही. १९९० मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला होता. पार्वोनं दगावलेल्या ९८ कुत्र्यांची तपासणी झाली, त्यातल्या ८८ जणांच्या फुप्फुसात किंवा यकृतात ई. कोलाय सापडला, आणि फुप्फुसांमधली सूज माणसाच्या एआरडीएसशी मिळतीजुळती होती. ज्या आजाराला आपण पोटाचा आजार म्हणतो त्यात हे सापडलं होतं! मला हे वाचून आधी आश्चर्य वाटलं आणि मग राग आला, की गेल्या पस्तीस वर्षांत पिल्लू विकत घेणाऱ्या एकाही माणसाला हे कोणी सांगत कसं नाही?

सेप्सिस हा मुख्य रस्ता, पण गल्ल्या आणखी आहेत. पिल्लू अर्धवट ग्लानीत असताना उलटी होते, मान उचलायची ताकद नसते, आणि उलटीतला भाग श्वासनलिकेत उतरतो. दोन दिवसांनी न्यूमोनिया. म्हणून आजारी पिल्लाच्या तोंडात जबरदस्तीनं सिरिंजनं ग्लुकोजचं पाणी ओतू नका, मग शेजारच्या काकू कितीही आग्रह करोत. दुसरं, जखमी आतड्यातून प्रोटीन वाहून जातं. त्यातलं अल्ब्युमिन हे रक्तवाहिनीत पाणी धरून ठेवायचं काम करतं. ते कमी झालं की पाणी आणखी सहज बाहेर झिरपतं. तिसरं म्हणजे गंभीर पार्वोमध्ये रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, त्यामुळे गुठळी फुप्फुसात जाऊन अडकायचा धोकाही असतोच.

आणि सलाइन. पार्वोवर मारक गोळी आपल्याकडे दुकानात मिळत नाही. पिल्लाला जगवतं ते सलाइनच, कारण उलट्या-जुलाबांत शरीर अक्षरशः सुकतं. पण गळक्या फुप्फुसात तेच सलाइन जास्त किंवा फार वेगानं गेलं तर पाणी वाढतं. बऱ्याच ठिकाणी सुई पायाला तशीच ठेवून पिल्लू घरी पाठवतात आणि बाटली घरी लावायला सांगतात. तिथे 'जरा पटकन संपू दे, मला लॉग-इन करायचंय' म्हणून ड्रिपचं ते छोटं चाक फिरवायचा मोह होतो. हात लावू नका. वेग डॉक्टरांनी ठरवलेला असतो आणि त्याला कारण असतं.

आम्ही विचारलं, रविवारी दुपारी श्वास मोजले असते तर? डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, 'कदाचित सहा-आठ तास आधी ऑक्सिजन लावला असता. वाचला असता का, हे मी नाही सांगू शकत.' मग त्यांनी मोजायचं कसं ते शिकवलं. पिल्लू झोपलेलं असताना छाती एकदा वर-खाली झाली की एक. पूर्ण मिनिट मोजायचं. निरोगी कुत्र्याचे झोपेतले श्वास साधारण तीसच्या आत असतात, पिल्लांचे थोडे जास्त असू शकतात. आकडा तासातासाला चढत असेल, पोट धपापत असेल, मान लांब करून श्वास घेत असेल किंवा हिरड्या निळसर-राखाडी पडत असतील, तर सकाळची वाट बघायची नाही. उलटी थांबलीय म्हणून खुशीत राहायचं नाही.

हृदयाचा वाटा

आणखी एक प्रकार आहे, आता दुर्मीळ, पण ऐकून अंगावर काटा येतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पिल्लाच्या हृदयाचे स्नायूही वेगानं वाढत असतात. आईच्या पोटात असताना किंवा जन्मल्या-जन्मल्या लागण झाली, तर व्हायरस त्या स्नायूंतच शिरतो. अशी पिल्लं वरून गुटगुटीत दिसतात. काही आठवड्यांची झाली की दूध पिता पिता किंवा खेळता खेळता एकदम धाप लागते, नाकातोंडाला फेस येतो आणि काही मिनिटांत खेळ खलास. हृदय रक्त पुढे ढकलू शकत नाही, ते मागे फुप्फुसात तुंबतं. काही त्यातून वाचतात आणि महिन्यांनी त्यांचं हृदय थकतं.

हे आता फारसं दिसत नाही, कारण लस घेतलेल्या किंवा आजाराला सामोऱ्या गेलेल्या आईकडून पिल्लांना सुरुवातीचं संरक्षण मिळतं. आईची लसच झालेली नसेल तर? पिल्लू बघायला जाता तेव्हा 'आई कुठाय?' हा प्रश्न नुसता भावनिक नाही. तिचं व्हॅक्सिनेशन कार्ड मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर पिल्लू कितीही गोड असो, पाय वळवा. (बोलणं सोपं आहे, कल्पना आहे मला. ते डोळे समोर असताना नाही जमत.)

बेकायदा पंचेचाळीस दिवस

१९७८ च्या आधी हा आजार डॉक्टरांच्या पुस्तकात नव्हताच. मांजरांमध्ये एक जुना पार्वोव्हायरस होता, त्याच्याच कुळातला एक अवतार कुत्र्यांमध्ये रुळला आणि १९७८ ते १९८० या दोन वर्षांत त्यानं जग पालथं घातलं. कुठल्याच कुत्र्याच्या शरीराला त्याची ओळख नव्हती. सुरुवातीला तर डॉक्टर कुत्र्यांना मांजराची लस टोचत होते, दुसरं काही नव्हतंच हातात! मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लेलंड कारमायकल आणि मॅक्स अ‍ॅपल यांनी कुत्र्यांसाठी लस तयार केली. आज वापरात असलेल्या लशींची गोष्ट तिथून सुरू होते.

लस उत्तम आहे. भानगड आहे ती वेळेची. आईच्या दुधातून मिळालेल्या अँटिबॉडीज पिल्लाला वाचवतात, पण त्याच अँटिबॉडीज लशीलाही निकामी करतात. त्या नक्की कधी संपतील ते प्रत्येक पिल्लात वेगळं. मध्ये असे काही दिवस येतात की आईचं कवच विरळ झालेलं असतं आणि लस मात्र अजून लागू पडत नाही. म्हणून एक इंजेक्शन पुरत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचं झाल्यावर, असं जागतिक पातळीवरच्या पशुवैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यानंतर सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत एक बूस्टर. 'पहिलं इंजेक्शन झालंय' याचा अर्थ 'सुरक्षित आहे' असा होत नाही, हे वाक्य मला त्या वाढदिवसाच्या केकवर लिहायला हवं होतं.

आणि हो, ते 'पंचेचाळीस दिवसांचं'. आपल्याकडे पिल्लांच्या बाजारात हा आकडा इतका रुळलाय की कोणाला खटकत नाही. कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, त्यांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू विकत घेताना आपण नियम मोडणाऱ्या व्यवहारात दुसऱ्या बाजूला उभे असतो. विकणाऱ्याला मैत्रिणीच्या नवऱ्यानं फोन केला तेव्हा तो म्हणाला, 'सर, दुसरं देतो ना, डिस्काउंटमध्ये.' यानं फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला.

'वहिनी, मला काही होणार नाही ना?'

चिकू आजारी असतानाच मैत्रिणीची नणंद भेटायला आली होती. तिला चौथा महिना. पार्वो ऐकल्यावर तिनं दारातच विचारलं, 'वहिनी, मला काही होणार नाही ना?' सासूबाईंनी तर रात्रभर जप केला असेल.

उत्तर असं, की कुत्र्याचा पार्वो माणसाला होत नाही. पण माणसाचा स्वतःचा एक पार्वो आहे, बी-१९ नावाचा. १९७५ मध्ये लंडनमध्ये इव्हॉन कोसार्ट आणि त्यांचे सहकारी रक्ताचे नमुने हिपॅटायटिस बीसाठी तपासत होते, तेव्हा बी या संचातल्या एकोणीस नंबरच्या नमुन्यात तो दिसला, म्हणून हे नाव. तो पसरतो खोकल्या-शिंकेतून, बहुतेक वेळा मुलांकडून. मुलांचे गाल कोणी थोबाडीत मारल्यासारखे लाल होतात, अंगावर पुरळ येतं, आठवड्यात सगळं ठीक. मोठ्यांचे सांधे दुखतात. निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांना तो नकळत कधीतरी होऊन गेलेला असतो आणि ती सुरक्षित असतात.

गर्भारपणात मात्र, विशेषतः पहिल्या वीस आठवड्यांत, तो बाळापर्यंत पोचू शकतो. तिथेही त्याचं लक्ष्य घाईतल्या पेशींवरच, लाल रक्तपेशी तयार करणाऱ्या. बाळाला तीव्र अ‍ॅनिमिया होतो, हृदय दमतं, आणि पाणी साठतं पोटात, त्वचेखाली, फुप्फुसांभोवती. बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात हेही लगेच सांगते. सोनोग्राफीवर लक्ष ठेवता येतं आणि गरज पडली तर गर्भातच बाळाला रक्त देता येतं. २०२४ मध्ये युरोपात आणि अमेरिकेत बी-१९ चे पेशंट एकदम वाढले तेव्हा तिथल्या आरोग्य यंत्रणांनी गर्भवतींसाठी खास सूचना काढल्या होत्या. नणंदेच्या गायनॅकनं तिला सांगितलं, कुत्र्यापेक्षा तुझ्या भाच्याच्या प्लेग्रुपमधल्या लाल गालांकडे लक्ष दे.

आपल्यासाठी यातला सगळ्यात जवळचा भाग तिसराच आहे. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नंदुरबारकडची कितीतरी मुलं-मुली आहेत. तिथे सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. २०२३ पासून त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मिशन सुरू आहे, तपासण्या चालू आहेत. साध्या माणसाची लाल पेशी एकशेवीस दिवस जगते, सिकलसेलच्या पेशंटची दहा-वीस दिवस. बी-१९ नं कारखाना आठवडाभर बंद पाडला तर तुम्हा-आम्हाला कळतही नाही, पण सिकलसेलवाल्याचं हिमोग्लोबिन धाडकन कोसळतं. काहींमध्ये मगजाचा भाग मरतो, त्यातले चरबीचे कण रक्तातून वाहत जाऊन फुप्फुसात अडकतात. ताप, छातीत कळ, धाप, आणि एक्स-रेवर नवा डाग. डॉक्टर याला 'अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम' म्हणतात आणि सिकलसेलच्या पेशंटच्या मृत्यूचं ते एक प्रमुख कारण आहे. तुमच्या क्युबिकलमधला कोणी सिकलसेलचा पेशंट असेल आणि तापात 'छाती दुखतेय, पण अ‍ॅसिडिटी असेल' म्हणत बसला असेल, तर कॅब बुक करा आणि त्याला हॉस्पिटलमध्ये न्या.

याच घराण्यातला एक भाऊ थेट श्वसनमार्गावरच येतो. २००५ मध्ये स्वीडनमध्ये सापडलेला 'बोकाव्हायरस', लहान मुलांच्या सर्दी-खोकल्यात, कधी छातीतल्या इन्फेक्शनमध्ये दिसणारा. नावातलं 'बो' गाईच्या व्हायरसवरून आणि 'का' कुत्र्याच्या. नातेवाईक शेवटी सगळीकडे निघतातच!

फिनाइलनं काही होत नाही

चिकू गेल्यावर मैत्रिणीनं घर धुवायला काढलं. बाईंनी दोनदा फिनाइलनं पुसलं, हिनं सॅनिटायझरच्या दोन बाटल्या संपवल्या. सगळं वाया. या व्हायरसला वरचं तेलकट वेष्टनच नसतं, त्यामुळे अल्कोहोल आणि साबण त्याचं काही बिघडवू शकत नाहीत. सावलीच्या ओलसर जागेत तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. बुटाला चिकटून घरी येतो. म्हणजे कुत्रं कधीच खाली नेलं नाही तरी तुम्ही पार्किंगमधून वर येताना ते काम करून ठेवता.

त्याला मारतं ते ब्लीच. आधी साबणानं घाण पूर्ण काढायची, कारण घाणीवर ब्लीच फुकट जातं. मग एक भाग साधं घरगुती ब्लीच, तीस भाग पाणी, फरशी दहा मिनिटं ओली राहू द्यायची. खिडक्या उघड्या ठेवा, आणि ब्लीचमध्ये फिनाइल किंवा टॉयलेटचं अ‍ॅसिड मिसळू नका, त्यानं तुमचीच फुप्फुसं जातील. चिकूची गादी, दोरीचा बॉल, चावलेली चप्पल, सगळं पिशवीत बांधून टाकून दिलं. लाल रिबन तिनं ठेवायचं म्हटलं होतं. तीही टाकली.

खर्चाचं म्हणाल तर दवाखान्यात ठेवून उपचार परवडतातच असं नाही, ही आपल्या पगारांची खरी गोष्ट आहे. उपचारच केले नाहीत तर बहुतेक पिल्लं जातात. दवाखान्यात ठेवून नीट उपचार झाले तर दहातली आठ-नऊ वाचतात. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीनं एक प्रयोग केला होता. काही पिल्लांना भरती केलं, काहींना त्वचेखाली सलाइन आणि इंजेक्शनं देऊन, कसून देखरेख ठेवून, घरी ठेवतात तसं ठेवलं. भरती झालेल्यांतली ९० टक्के वाचली, दुसऱ्या गटातली ८० टक्के. म्हणजे पैसे कमी आहेत म्हणून सोडून द्यायची गरज नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आमचं बजेट इतकं आहे, यात काय करता येईल? विचारायला लाज कसली? अमेरिकेत २०२३ मध्ये पार्वोवर अँटिबॉडीच्या एका इंजेक्शनला सशर्त मान्यताही मिळाली आहे.

मागच्या महिन्यात मी बाणेरला गेले होते. बाल्कनीत एक काळी-पांढरी गावठी कुत्री पाय पसरून झोपली होती. वय दीड वर्ष, एका शेल्टरमधून आणलेली, सगळे डोस झालेले, कार्ड फ्रिजवर मॅग्नेटनं लावलेलं. नाव अजून ठरत नव्हतं. नवऱ्याला 'शेवंती' हवं होतं, हिला 'मिनी'. मी आत आले तेव्हा त्यानं ओठांवर बोट ठेवलं, मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावलेलं होतं. तो तिच्या छातीकडे बघत मनात मोजत होता. मिनिट संपल्यावर म्हणाला, 'एकोणीस.' आणि मग चहा टाकायला उठला.